निकाल लागला, पण कळला नाही

18 ऑगस्ट 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे काम सुरू झाले आणि सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची वारी चुकली. त्या वेळच्या औरंगाबादला असे बेंच 1981 सालीच मिळाले होते. आपल्याकडच्या वकिलांना त्यासाठी चाळीसहून अधिक वर्षे झगडावे लागले. त्या लढ्याचे मोल मी जाणतो. परंतु न्याय खरोखरच दाराशी आला काय, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

मी साताऱ्यात मामांकडे राहून शिकतो. घर सांगली जिल्ह्यात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शेताच्या बांधावरून आमचा दावा होता. तालुक्याला हरलो, जिल्ह्यालाही हरलो. पण तिथले बोलणे मराठी, अण्णांना ते कळत तरी होते. मग उच्च न्यायालयात दुसरे अपील केले. रात्रीच्या एस.टी.ने मुंबई गाठायची आणि पुढची तारीख घेऊन परतायचे! 2024 साली अपील फेटाळले गेले. निकालाची इंग्रजी प्रत माझ्या हातात देऊन अण्णा म्हणाले, "एवढं शिकतोयस, ह्यात काय म्हटलंय ते सांग की." मी बारावीत होतो. मला सांगता आले नाही. ती शरम मी अजून विसरलेलो नाही.

पुढे कॉलेजात आल्यावर एका सरांनी उलगडून सांगितले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 प्रमाणे, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होत असेल तरच दुसरे अपील चालते. 1976 च्या दुरुस्तीने हे बंधन घातले. बांध कुठून जातो, हा वस्तुस्थितीचा प्रश्न; तो सामान्यतः जिल्हा न्यायालयातच संपतो. अण्णांची समजूत मात्र अशी, की मोठे साहेब बांध पुन्हा मोजायला लावतील! हे त्यांना आधी कळते, तर कदाचित ते मुंबईला गेलेही नसते.

राज्यघटनेच्या कलम 348 नुसार उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. मात्र राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपाल कामकाजात राज्यभाषेला परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार येथील उच्च न्यायालयांत हिंदीला अशी मुभा मिळालेली आहे. मग मराठीनेच काय पाप केले?

कोणी म्हणतील, न्यायमूर्ती परप्रांतातूनही येतात, कायद्याच्या परिभाषेत इंग्रजीच नेमकी. हा आक्षेप खोटा नाही. म्हणून सगळे कामकाज उद्याच मराठीत करा, असा माझा हट्ट नाही. मागणी एवढीच, की प्रत्येक निकालासोबत पक्षकाराच्या हाती एक पानभर मराठी सारांश पडावा: प्रश्न कोणता होता, काय ठरले आणि का ठरले.

साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री आपण अभिमानाने मिरवतो. त्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते शब्द ज्याला ऐकवले, त्याला कळले होते!

अण्णा दावा हरले, याचे दुःख आम्ही पचवले. पण आपण का हरलो, हे ज्याला दुसऱ्याला विचारावे लागते, त्याला न्याय मिळाला असे कसे म्हणावे? कोल्हापूर जवळ आले, फार चांगले झाले. आता निकालही जवळ येऊ द्या.

— द्वितीय वर्ष, कला