गावचा ग्रुप म्हणजे गाव नव्हे

मालवण-देवबागकडे आता वाडीवाडीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. रस्ता, जत्रा, नळपाणी, कशावरही तिथे दोन दिवस वाद रंगतो आणि तिसऱ्या दिवशी ‘गावाचं म्हणणं’ ठरून जातं. पण लिहितं कोण? ऑनलाइन समूहांबद्दल वेबसाइट-वापराचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 2006 मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला होता: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेल्या एकाचा असतो. आपल्याकडे हा एक जण बऱ्याचदा मुंबईतला चाकरमानी असतो. 2011च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया होत्या, कारण कमावते पुरुष बाहेर. उलट 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जेमतेम 38 टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं; पुरुष 61 टक्क्यांवर. म्हणजे गावात ज्या जास्त, त्याच ग्रुपवर कमी.

तारकर्लीतलं घरगुती निवासाचं एखादं घर घ्या. पाहुणा गूगलवर लिहितो, ‘सुरमई ताजी, खोली लहान.’ त्याला ‘थँक यू सर’ म्हणतो ठाण्यात नोकरी करणारा मुलगा. जिने वाटप वाटलं, वडे तळले, ती त्या पानावर कुठेच नाही. म्हणून ती इंटरनेटबाहेर आहे असंही नाही. बहिणीला मालवणीत लांबलचक व्हॉइस मेसेज जातात, जुन्या गिऱ्हाइकाला खोलीचे फोटो जातात. तिचा वापर माणसागणिक आहे, चारचौघांत जाहीर करण्याचा नाही. त्याला मागासलेपण म्हणणं आळशीपणाचं आहे.

‘फोन हातात आहे, लिहायला कोणी अडवलंय? गप्प म्हणजे कबूल,’ असं यावर हमखास ऐकू येतं. पण बाजारात बोललेलं विरून जातं, ग्रुपवर लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट सासर-माहेर दोन्हीकडे पोचतो. अशा ठिकाणी न लिहिणं हा शहाणपणा असतो, होकार नव्हे. चाकरमान्यांची तळमळ खोटी नाही. देवळाच्या वर्गणीपासून शाळेच्या छपरापर्यंत त्यांचा पैसा गावात येतो. तरी उन्हाळ्यात विहीर आटली की कळशी घेऊन चालणारी बाई वेगळी, याचं भान हवं. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ग्रुप बघून गावाचा कल ठरवणाऱ्या सरपंचांनी आधी ती सभा खरोखर भरवावी, नुसत्या सह्या गोळा करू नयेत.