आपले वन राखले, शेजाऱ्याचे उजाड केले!

कोणत्या देशाने किती लाकूड आयात केले, याचा एका वर्षाचा तक्ता व्यापाऱ्याला तेजी-मंदी सांगतो. तोच तक्ता गेल्या साठ वर्षांचा सलग वाचला, तर कोणी कोणाचे अरण्य फस्त केले, याचे आरोपपत्रच हाती पडते.

जपानची दोन तृतीयांश भूमी वनाच्छादित आहे. त्याबद्दल जगभर त्याचे गोडवे गायले जातात. परंतु महायुद्धानंतर तेथील प्लायवूड कारखान्यांना लागणारे कठीण लाकूड आले कोठून? आधी फिलिपाइन्समधून. तेथील राने विरळ होताच इंडोनेशियातून. इंडोनेशियाने १९८५ साली ओंडक्यांची निर्यात थांबविली, तेव्हा भार पडला साबा आणि सारावाकवर. पुढे चीनने तोच मार्ग धरला. १९९८ च्या यांगत्सेच्या महापुराने डोळे उघडल्यावर त्याने आपल्या नैसर्गिक वनांतील तोड आवरली आणि पुढच्याच वर्षी ओंडक्यांवरील आयातशुल्क काढून टाकले. काही वर्षांतच चीन जगातील सर्वांत मोठा ओंडके-आयातदार बनला. किंमत मोजली आफ्रिकेने, पापुआ न्यू गिनीने आणि सॉलोमन बेटांनी.

मग आपण वेगळे आहोत काय? १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने वनांकडे महसुलाचे साधन म्हणून पाहणे नाकारले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने बेबंद वृक्षतोडीला लगाम घातला. दोन्ही निर्णय योग्यच होते. परंतु घरांच्या चौकटी, दारे आणि पलंग यांची हौस कमी झाली नाही. कांडला बंदरात परदेशी ओंडक्यांचे ढीग वाढले, गांधीधाम परिसरात लाकडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. ब्रह्मदेशाने २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा आपले व्यापारी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेकडे वळले. आज सागवानाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार भारत आहे!

ज्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली मलबारी सागवानाचे ‘त्रिंकोमाली’ जहाज बांधले, जे आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे, ज्या निलांबूरला १८४० च्या दशकातच सागाची पद्धतशीर लागवड झाली, त्या देशाने सागासाठी इक्वेडोरकडे हात पसरावेत, याची खंत कोणालाच वाटू नये?

‘आयातीमुळे आपली वने वाचतात’ असे शहरी पर्यावरणप्रेमी सांगतील. वाचतात, हे खरे. परंतु शेजाऱ्याच्या अंगणातील झाड तोडून आपले अंगण हिरवे ठेवणे, याला निसर्गरक्षण म्हणत नाहीत.

उपाय आपल्याच बांधावर उभा आहे. यमुनानगरचे प्लायवूड कारखाने शेतकऱ्यांच्या पॉप्लरवर चालतात. तेथे शेतानेच कारखाना पोसला. महाराष्ट्रात मात्र शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात लावलेला साग तोडायचा, तर १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार परवानगीसाठी अर्ज करावा लागतो. वीस-पंचवीस वर्षे झाड वाढवायचे आणि शेवटी कचेरीचे उंबरठे झिजवायचे, हे ठाऊक असताना साग लावणार कोण? परदेशी ओंडक्याला बंदर मोकळे आणि स्वदेशी झाडाला परवान्याची बेडी, ही कोणती नीती?

वनातील साग राखावा, शेतातील साग मोकळा करावा. दार घडविताना सुताराला एकच प्रश्न विचारावा: हे लाकूड कुठले? प्रत्येक घरातून हा प्रश्न विचारला जाऊ लागेल, त्या दिवशी त्या तक्त्यातील आपला आकडा उतरू लागेल.