क्रिप्टो खात्यातली ‘डिपॉझिट हिस्टरी’: सीए ती का मागतो आणि ती नसेल तर काय होतं?

जुलै उजाडला की क्रिप्टोत पैसे घातलेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम ग्रुपवर एक प्रश्न हमखास फिरू लागतो. ‘सीए डिपॉझिटचा रिपोर्ट मागतोय, तो कुठे मिळतो?’ त्यावर बहुतेक वेळा उत्तर येतं की टॅक्स रिपोर्ट पाठवून दे, तेवढ्यावर काम होतं.

होतंच असं नाही. आणि जिथे होत नाही, तिथे हिशेब हजारो रुपयांनी चुकतो.

एक साधं उदाहरण घ्या. एखाद्याने २०२१ मध्ये एका एक्स्चेंजवर २ लाख रुपयांचं इथर घेतलं. पुढे ते एक्स्चेंज आवडेनासं झालं म्हणून इथर दुसऱ्या एक्स्चेंजवर हलवलं आणि तिथे २ लाख ५० हजारांना विकलं. नफा झाला ५० हजारांचा. त्यावर ३० टक्के कर आणि ४ टक्के सेस धरला, तर १५ हजार ६०० रुपये भरायचे.

पण दुसऱ्या एक्स्चेंजला यातलं निम्मंच माहीत असतं. त्याच्या नोंदीत फक्त अमुक तारखेला इतकं इथर जमा झालं, एवढंच आहे. ते कितीला घेतलं होतं, हे त्याला कळायला मार्गच नाही. मग त्याच्या आपोआप तयार होणाऱ्या टॅक्स रिपोर्टमध्ये खरेदीची किंमत कधी शून्य धरली जाते, तर कधी जमा झालेल्या दिवसाचा बाजारभाव लावला जातो. शून्य धरली तर सगळे २ लाख ५० हजार नफा ठरतात आणि कर होतो ७८ हजार. म्हणजे ६२ हजार ४०० रुपये जास्तीचे, तेही फक्त एक जुना कागद हाताशी नाही म्हणून. बाजारभाव लावला तर उलटही होऊ शकतं. कर कमी दिसतो आणि नंतर नोटीस आली की उत्तर देता येत नाही.

भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागू झाला. या नियमात वजावट मिळते ती फक्त खरेदीच्या किमतीची. व्यवहाराचं शुल्क, इंटरनेटचं बिल, सल्लागाराची फी यातलं काहीच वजा होत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. जिथे एकच वजावट मिळते, तिथे तिचा पुरावा किती महत्त्वाचा, हे वेगळं सांगायला नको. रिटर्नमधल्या ‘शेड्यूल व्हीडीए’मध्येही घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, खरेदीची किंमत आणि विक्रीची रक्कम भरावी लागते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डिपॉझिट म्हणजे उत्पन्न नव्हे. स्वतःच्याच एका वॉलेटमधून दुसऱ्या वॉलेटमध्ये नाणी हलवली तर त्यावर कर लागत नाही. पण ती स्वतःचीच होती, हे दाखवता आलं पाहिजे. नातेवाईक नसलेल्या कुणी वर्षभरात ५० हजारांपेक्षा जास्त किमतीची नाणी भेट दिली, तर मात्र ती करपात्र ठरतात. एक्स्चेंजच्या यादीत ही दोन्ही डिपॉझिट अगदी सारखीच दिसतात.

नोंद कुठे सापडते?

प्रत्येक एक्स्चेंजची मांडणी वेगळी, पण वाट साधारण एकच. शक्यतो मोबाइल अ‍ॅपऐवजी कॉम्प्युटरवर वेबसाइटमधून लॉगिन करा, कारण बऱ्याच ठिकाणी एक्स्पोर्टचं बटण अ‍ॅपमध्ये नसतं किंवा कुठेतरी खोल दडलेलं असतं. ‘वॉलेट’, ‘फंड्स’ किंवा ‘ऑर्डर्स’ या विभागात ‘ट्रान्झॅक्शन हिस्टरी’ मिळेल. त्यात ‘डिपॉझिट’ निवडा.

पहिला गोंधळ इथेच होतो. उघडल्या उघडल्या पडद्यावर फक्त अलीकडचे व्यवहार दिसतात आणि जुने गायब झाले असं वाटतं. ते गेलेले नसतात, तारखेचा फिल्टर बदलायचा असतो. अनेक एक्स्चेंज एका वेळी ठरावीक कालावधीचीच फाइल देतात, त्यामुळे चार-पाच वर्षांचा हिशेब तुकड्यातुकड्यांनी उतरवावा लागतो. तुकडे १ एप्रिल ते ३१ मार्च असेच पाडावेत, म्हणजे पुढचं काम हलकं होतं.

रुपयांचं डिपॉझिट आणि क्रिप्टोचं डिपॉझिट बहुतेक वेळा वेगवेगळ्या टॅबमध्ये असतं. दोन्ही उतरवायची. रुपयांच्या नोंदीत यूपीआय किंवा बँकेचा संदर्भ क्रमांक असतो आणि तो बँक स्टेटमेंटशी जुळतो. क्रिप्टोच्या नोंदीत नाणं, नेटवर्क, पत्ता आणि टीएक्सआयडी असतो. फाइल पीडीएफ आणि सीएसव्ही अशा दोन्ही प्रकारांत मिळत असेल तर दोन्ही घ्या. सीएसव्ही हिशेबाला लागते, पीडीएफ दाखवायला. मोठी फाइल लगेच मिळत नाही. काही वेळाने ईमेलवर लिंक येते आणि ती थोड्या दिवसांत बंद पडते, म्हणून आली की उतरवून घेतलेली बरी.

टीएक्सआयडी म्हणजे व्यवहाराचा पत्ता

या सगळ्या रकान्यांत सर्वांत मोलाचा रकाना टीएक्सआयडीचा. ब्लॉकचेनवरच्या प्रत्येक व्यवहाराला मिळणारा हा क्रमांक अनेक ब्लॉकचेनवर अक्षरं आणि आकडे मिळून ६४ चिन्हांचा असतो. इथेरियमवर त्याच्या आधी शून्य आणि एक्स असं लागतं. इथरसाठी इथरस्कॅन, ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन अशा मोफत वेबसाइटवर हा क्रमांक टाकला की नाणी कुठून निघाली, कुठे पोहोचली आणि केव्हा, हे कुणालाही बघता येतं.

वरच्या उदाहरणातल्या इथरचा प्रवास यावरूनच सिद्ध होतो. पहिल्या एक्स्चेंजच्या ‘विथड्रॉल’ यादीतला आणि दुसऱ्याच्या ‘डिपॉझिट’ यादीतला टीएक्सआयडी एकच असतो. दोन्ही ओळी समोरासमोर ठेवल्या आणि पहिल्या एक्स्चेंजवरची २०२१ ची खरेदी त्यांना जोडली, की २ लाखांची किंमत कागदावर उभी राहते. म्हणून एकट्या डिपॉझिटची फाइल अपुरी पडते. जोडीला समोरच्या खात्याची विथड्रॉल फाइल हवीच. नुसत्या प्रमाणावरून जुळवायला गेलात तर फसाल, कारण काही एक्स्चेंज विथड्रॉलचा आकडा शुल्क धरून दाखवतात, काही शुल्क वजा करून.

एकाच एक्स्चेंजच्या दोन ग्राहकांमध्ये झालेली देवाणघेवाण अनेकदा ब्लॉकचेनवर जातच नाही, एक्स्चेंजच्या स्वतःच्या वहीत नोंदली जाते. तिथे ‘इंटर्नल’ किंवा ‘ऑफ-चेन’ असं लिहिलेलं दिसेल आणि टीएक्सआयडी बाहेर कुठेच सापडणार नाही. अशा नोंदीचा पुरावा एक्स्चेंजकडेच असतो, दुसरीकडे नाही.

पहाटेचे साडेपाच तास

सीएसव्ही उघडल्यावर वेळ चुकलेली वाटते. चूक नसते. बऱ्याच फाइल यूटीसी वेळेत असतात आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. एरवी हा फरक कुणी मोजत नाही, पण १ एप्रिलला पहाटे ३ वाजता केलेला व्यवहार यूटीसीत ३१ मार्चला रात्री साडेनऊचा दिसतो. विक्री असेल तर थेट आर्थिक वर्षच बदलतं.

दुसरा घोळ एक्सेल घालतं. यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक ते ४.१ई+११ अशा काहीतरी रूपात दाखवतं, आणि क्रमांक १५ आकड्यांपेक्षा मोठा असेल तर शेवटचे आकडे चक्क शून्य करून टाकतं. फाइल तशीच सेव्ह झाली की मूळ क्रमांक गेला. त्यामुळे उतरवलेली मूळ फाइल बाजूला ठेवून काम नेहमी तिच्या प्रतीवर करावं.

एक्स्चेंजच बंद झालं तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं आणि त्यानंतरच्या सव्वा वर्षात आधी झेबपेने भारतातलं एक्स्चेंज थांबवलं, मग जून २०१९ मध्ये कॉइनेक्सने गाशा गुंडाळला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक रद्द केलं आणि झेबपे परतलंही, पण कॉइनेक्स नाही. ज्यांनी तेव्हा स्वस्तात बिटकॉइन घेऊन आजवर सांभाळलं, त्यांच्या खरेदीचा पुरावा त्या काळातच अडकलेला आहे.

पुढे डिसेंबर २०२३ मध्ये अर्थ मंत्रालयाच्या एफआययूने बायनान्ससह ९ परदेशी कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या वेबसाइट व अ‍ॅप भारतात बंद होऊ लागले. बायनान्सने पुढे दंड भरून एफआययूकडे नोंदणी केली. पण त्या काही महिन्यांत अनेकांना आपलंच खातं उघडताना अडचणी आल्या. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सवरून सुमारे २ हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. पैसे काढणं थांबलं, प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं आणि प्लॅटफॉर्मवरचे व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. जपानच्या माउंट गॉक्सच्या ग्राहकांनी तर २०१४ च्या दिवाळखोरीनंतर परतफेड सुरू होण्यासाठी दहा वर्षं वाट पाहिली.

मनी लाँडरिंगविरोधी कायदा मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना लागू झाला आणि त्यानुसार त्यांना व्यवहारांच्या नोंदी ५ वर्षं जपाव्या लागतात. ही तरतूद तपास यंत्रणांसाठी आहे, ग्राहकाला रिटर्न भरताना सोय व्हावी म्हणून नाही. दुसरीकडे २०२५ च्या अर्थसंकल्पाने १ एप्रिल २०२६ पासून क्रिप्टो व्यवहारांची माहिती आयकर विभागाला देणं बंधनकारक केलं आहे. म्हणजे विभागाकडे तुमची यादी आपोआप पोहोचणार, तुमच्याकडे ती असो वा नसो.

पीटूपी आणि बनावट अ‍ॅप

पीटूपीने, म्हणजे थेट दुसऱ्या व्यक्तीला पैसे देऊन घेतलेली नाणी बऱ्याचदा डिपॉझिटच्या यादीत येतच नाहीत. त्यांची ‘ऑर्डर हिस्टरी’ वेगळी असते. ती उतरवणं जास्त निकडीचं आहे, कारण तुम्ही नाणी विकली आणि समोरच्याने दिलेले पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक तुमचंच खातं गोठवते. अशा वेळी ऑर्डर क्रमांक, चॅट आणि टीएक्सआयडी एकत्र दाखवता आले तरच आपली बाजू मांडता येते.

बनावट ट्रेडिंग अ‍ॅपमध्येही ‘डिपॉझिट हिस्टरी’ असते, अगदी देखणी. पण ते आकडे अ‍ॅप बनवणाऱ्याने हाताने भरलेले असतात. शंका आली तर टीएक्सआयडी तपासा आणि तो मागूनही मिळत नसेल तर १९३० वर तक्रार करा. तिथे पुरावा म्हणून चालेल ते तुमचं बँक स्टेटमेंट.

रिपोर्ट बनवून देणाऱ्या वेबसाइट खात्याची एपीआय की मागतात. ती फक्त वाचण्यापुरती असावी, पैसे काढण्याची परवानगी तिच्यात बंद असावी. सीएसव्ही देऊन काम होत असेल तर की द्यायचीच कशाला?

आणि जुनं एक्स्चेंज उरलंच नसेल तर त्या वर्षांचं बँक स्टेटमेंट काढा, ईमेलमध्ये एक्स्चेंजच्या नावाने शोधा, मिळालेल्या पत्त्यांवरून ब्लॉकचेनवरचे व्यवहार पाहा. यातून बरंचसं जुळतं. जे जुळत नाही, त्याची खरेदी किंमत बहुतेक सीए शून्यच धरतात.