टाकलेले नाव

धर्मांतर केलेल्या माणसाची श्रद्धा खरी की खोटी, हे सरकारने ठरवावे काय? व्हिएतनाम युद्धाने अमेरिकेपुढे हा प्रश्न उभा केला. त्या युद्धात 58,000 हून अधिक अमेरिकन सैनिक बळी पडले. व्हिएतनामी मृतांची गणती तर लाखांत करावी लागते. सक्तीच्या सैन्यभरतीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सवलत होती. ज्याच्या घरी शिक्षणास पैसा नाही, त्याने ती कोठून आणावी?

28 एप्रिल 1967 रोजी ह्यूस्टन येथे कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांनी भरतीस नकार दिला. 1964 साली इस्लामचा स्वीकार जाहीर करून त्यांनी कॅशियस क्ले हे नाव टाकले होते. आपला धर्म या युद्धास संमती देत नाही, असे त्यांचे म्हणणे. ही श्रद्धा प्रामाणिक नाही, असा पवित्रा न्याय खात्याने घेतला. वस्तुतः सुनावणी अधिकाऱ्याने ती प्रामाणिकच ठरविली होती! जगज्जेतेपद गेले, पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली गेली. 28 जून 1971 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. परंतु त्या निकालाच्या शीर्षकातही प्रथम येते ते क्ले हेच नाव.