शिकायलाय का फिरायलाय?

सिरसाळ्यात (तालुका परळी, जिल्हा बीड) सध्या एका प्रश्नाची फार चलती आहे. "लेकरू शिकायलाय का फिरायलाय?" पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा: यातलं 'शिकायलाय' म्हणजे 'शिकायला गेलाय' नव्हे. आमच्या मराठवाड्यात 'करायलाय' म्हणजे 'करतो आहे'. तेव्हा प्रश्न असा आहे, की पोरगा तिकडं शिकतोय की नुसता हिंडतोय?

पोरगा म्हणजे माझा भाचा, चुलत बहिणीचा मुलगा. जर्मनीत माग्देबुर्ग नावाच्या गावात मेकॅनिकलचं मास्टर्स करतोय. गेल्या वर्षभरात त्यानं प्राग, व्हिएन्ना, साल्झबुर्ग आणि पॅरिस पाहिलं, आणि जे पाहिलं ते इमानेइतबारे स्टेटसला टाकलं. झालं! स्टँडवरच्या हॉटेलात चहा प्यायला बसलेल्या दाजींना जो तो विचारायला लागला. दाजी गरीब स्वभावाचे. ते हसतात आणि घरी येऊन मला फोन करतात. मग मी भाच्याला समजवायचं, अशी अपेक्षा. कारण घराण्यातला मी एकटाच काय तो 'फॉरेन' जाऊन आलेला.

मी काही समजावलं नाही. उलट माझं मत असं आहे की त्यानं आणखी फिरावं. का ते सांगतो.

आधी एक मान्य करू. प्रश्न कुजकट असला तरी बिनबुडाचा नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते हे खरं, पण व्हिसासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट' नावाच्या खात्यात वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो आहे. रुपयांत बारा लाखांच्या आसपास किंवा थोडं वरच. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते, आणि शेतजमीन म्हटलं की बँकेचा साहेब नाक मुरडतो. म्हणून दाजींच्या घराचे कागद आज बँकेत आहेत. ज्या घराचे कागद बँकेत आहेत त्या घरातलं पोरगं आयफेल टॉवरसमोर गॉगल लावून उभं असेल, तर गाव बोलणारच. मी गावात असतो तर मीही बोललो असतो कदाचित.

पण जरा हिशोब बघा (आपल्या धंद्यात हिशोबाशिवाय कुणाचं पटत नाही म्हणून). त्या खात्यातून महिन्याला ९९२ युरोच निघतात. त्यात खोली, आरोग्यविमा, किराणा. उरलं तर फिरणं. परदेशी विद्यार्थ्याला तिथं वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे (आधी १२० दिवस होती, मार्च २०२४ पासून वाढली). भाचा आठवड्यातून दोन रात्री एका गोदामात खोकी उचलतो. त्याचा फोटो स्टेटसला येत नाही, एवढाच काय तो फरक. आणि तिथला प्रवास किती स्वस्त पडतो हे इथं बसून कळतच नाही. 'डॉइचलांड-टिकेट' म्हणून एक मासिक पास आहे. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, जानेवारी २०२६ पासून ६३ झालाय, विद्यार्थ्यांना त्याहून कमी पडतो. तो पास घेतला की अख्ख्या देशातल्या सगळ्या पॅसेंजर गाड्या, ट्राम, बसा मोकळ्या. सुपरफास्ट 'आयसीई' तेवढी नाही. तोच पास सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंतही चालतो! म्हणजे भाचा साल्झबुर्गला गेला तो कॉलेजला जायच्याच पासावर, चार गाड्या बदलत, डब्यात दहीभात घेऊन. पॅरिसला रात्रीच्या बसनं. आणि युरोपात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्या माणसाला लूव्र संग्रहालयात तिकीटच लागत नाही. उद्या हाच भाचा तिशी ओलांडून, बायकोपोरं घेऊन इथून तिकडं जाईल तेव्हा माणशी ९० युरोचा नुसता व्हिसा, आणि जानेवारी २०२६ पासून युरोपाबाहेरच्यांना लूव्रचं तिकीट ३२ युरो. तेव्हा स्वस्तात फिरायचं वय हेच, आणि ते एकदाच येतं.

आता जरा आपल्याकडे वळू. २००७ च्या सुमाराला आपल्यातला जो तो ऑनसाइट जात होता. फ्रँकफर्टला प्रोजेक्ट, शनिवार-रविवार स्वित्झर्लंड. बर्फात उभं राहून काढलेले दीडशे फोटो ऑर्कुटवर. क्लायंटच्या पर डिएममधून वाचवलेल्या पैशावर आपण टिटलिस पाहिला, परत आल्यावर टीममध्ये चॉकलेटं वाटली, आणि हापिसात एकानंही विचारलं नाही की बाबा रे, तू कोड लिहायला गेला होतास की गंडोला बघायला? विचारलं असतं तर आपल्याला केवढा राग आला असता! 'एक्स्पोजर' म्हणायचो आपण त्याला.

आणि मागं जायचं तर पु. ल. देशपांडे. टेलिव्हिजनचं प्रशिक्षण घ्यायला बीबीसीत गेले, म्हणजे रीतसर शिकायलाच गेले होते. सोबत इंग्लंड, फ्रान्स मनसोक्त पाहिलं, आणि १९६० साली 'अपूर्वाई' आली. मराठी माणसानं ती डोक्यावर घेतली ती त्यातल्या प्रशिक्षणासाठी नव्हे, भटकण्यासाठी. त्यांना कुणी 'शिकायलाय का फिरायलाय' विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मला पु.लं.बद्दल तक्रार नाही, 'अपूर्वाई' मी किती वेळा वाचली असेल याची गणती नाही. तक्रार या दुटप्पीपणाबद्दल आहे. पार्ल्याचा माणूस फिरला की ते प्रवासवर्णन, आणि सिरसाळ्याचा पोरगा फिरला की ती बापाच्या पैशाची उधळपट्टी. सधन घरातल्या मुलाला 'जग बघून ये' म्हणून पाठवतात. आमच्याकडे जग बघणं हा कामाच्या मधला चोरलेला वेळ समजतात.

यावर गावातले एक गुरुजी मला म्हणाले, "बाबासाहेब लंडनला काय फिरायला गेले होते का?" मुद्दा वजनदार आहे, टाळून चालणार नाही. डॉ. आंबेडकर फिरले नाहीत, पुस्तकांत राहिले, हे खरं. पण त्यांच्या डोक्यावर घड्याळ कसलं होतं ते बघा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. १९२० ला पुन्हा गेले ते स्वतः साठवलेल्या, उसन्या आणि शाहू महाराजांनी दिलेल्या पैशावर. एकेक दिवस मोजून खर्च करायचा होता, आणि मागे समाज वाट बघत होता. ती उपासमार त्यांनी आदर्श म्हणून निवडली नव्हती, त्यांच्यावर ती लादलेली होती. तिचं बक्षीस म्हणून शंभर वर्षांनी खेड्यातल्या पोरांनी तीच उपासमार पुन्हा करून दाखवायची, हे मला पटत नाही. शिवाय १९२१-२२ मध्ये ते जिथं राहायचे ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ ला विकत घेतलं आणि तिथं स्मारक केलं. ते पोरांनी जाऊन बघावं म्हणूनच ना? (जर्मनीच्या परवान्यावर ब्रिटनमध्ये जाता येत नाही, वेगळा व्हिसा काढावा लागतो. भाच्याच्या यादीत ते आहे, पैसे साठवणं चालू आहे.)

आमच्या भागात फिरणं या शब्दाचीच गोची आहे. बीड जिल्ह्यातला माणूस प्रवास करत नाही असं नाही, उलट फार करतो. दसरा झाला की ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडायचं. बाकी प्रवास म्हणजे पंढरपूर, परळीचा वैजनाथ, लग्न, मयत आणि दवाखाना. नुसतं बघायला म्हणून कुणी कुठं जात नाही. त्यामुळे बिनकामाचा प्रवास करणारा तो उडाणटप्पू, हे समीकरण पक्कं बसलेलं. रेल्वेचंच बघा. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग १९९५ ला मंजूर झाला आणि बीडपर्यंत गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं! ज्या मुलखात रेल्वे यायला तीस वर्षं लागली तिथला पोरगा चार गाड्या बदलून दुसऱ्या देशात जाऊन परत आला, तर त्यात शिकण्यासारखं काहीच नाही म्हणता?

आता या सगळ्यातली मला सर्वांत आवडलेली ट्रिप सांगतो. पॅरिस नव्हे. माग्देबुर्गच्या पश्चिमेला 'ब्योर्दे' म्हणून प्रदेश आहे. सपाट, आणि माती काळीभोर. भाचा म्हणाला, "मामा, आपल्या रानासारखी हो!" तिथं साखरेचं बीट पिकतं. युरोपात ऊस होत नाही, त्यांची साखर बीटाची. १७४७ साली बर्लिनच्या मार्ग्राफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं बीटात उसासारखीच साखर असते हे दाखवलं, त्याच्या शिष्यानं, आखार्डनं, १८०१-०२ च्या सुमाराला सायलेशियात पहिला कारखाना काढला. माग्देबुर्गपासून वीसेक किलोमीटरवर क्लाइन वान्सलेबेन म्हणून छोटं गाव आहे. बीटाच्या वाणांसाठी जगात प्रसिद्ध, आणि साखर कारखाना आजही चालू. ऑक्टोबरातल्या एका रविवारी हा पठ्ठ्या सायकल मारत तिथं गेला. कुठल्याही टूर कंपनीच्या यादीत नसलेलं ठिकाण!

तिकडेही गळीत हंगाम असतो. त्याला 'काम्पान्ये' म्हणतात, सप्टेंबर ते जानेवारीच्या आसपास, कारखाना रात्रंदिवस चालू. भाच्यानं रस्त्याच्या कडेला उभं राहून बीट काढायचं यंत्र पाहिलं. एका वेळी सहा ओळी, पाला छाटणं, बीट उपटणं, झटकणं, टाकीत भरणं सगळं एका दमात. वर काचेच्या केबिनमध्ये एक माणूस. त्यानं तिथूनच व्हिडिओ कॉल लावला तो आजीला. ही आजी वीस हंगाम फडात गेलेली. तिच्या डाव्या हाताला कोयत्याची खूण आहे.

आजीनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "माणसं कुठायत?"

"माणसं नाहीत आजी. एकच हाय, मशीनवर."

"मग बाकीचे काय करायलेत?"

भाच्याला उत्तर देता आलं नाही. मलाही आलं नसतं. ऊसतोडणी यंत्रं आता आपल्याकडेही आली आहेत, आणि बाकीचे काय करणार हा प्रश्न अजून कुणी आजीइतका सरळ विचारलेला नाही. पण त्या दिवसानंतर भाच्यानं बर्लिनला जाऊन तंत्रज्ञान संग्रहालयातलं साखरेचं दालन पाहिलं, आणि आता त्याला थिसिससाठी शेतीयंत्रांतलाच विषय हवाय. हे शिकणं झालं की फिरणं? मला तर यातली रेघ दिसत नाही.

फिरण्यातही बरंवाईट असतं. 'सात दिवसांत सहा देश' हा प्रकार मला डोक्यात जातो, प्रागचा पूल आणि व्हिएन्नाचा राजवाडा यांत त्याला महिन्याभरानं फरक सांगता येईना तेव्हा मी त्याला चिकार पिडलं होतं. आपल्या डोळ्यांनी बघायचं तर आपलं काहीतरी सोबत असावं लागतं. पुढच्या सुट्टीत तो फ्लॉरेन्सला जाणार आहे. तिथं कॅशिने बागेच्या टोकाला, आर्नो नदीला दुसरी नदी मिळते तिथं, कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. युरोप बघायला गेलेला वीस वर्षांचा राजा, परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारला. नदीकाठी दहन झालं, तिथंच स्मारक झालं. जवळच्या पुलाला आजही 'भारतीयाचा पूल' म्हणतात. महाराजांनी प्रवासात रोजनिशी लिहिली होती, ती १८७२ ला छापून आली. मी भाच्याला म्हटलं, डाव्हिडचा पुतळा सगळेच बघतात, तू आधी इथं जा. त्यानं विचारलं, "मामा, त्यांचे फोटो असते तर त्यांनापण लोक बोलले असते का?" आगाऊ आहे कार्टं.

असो. दाजींना मी एवढंच सांगितलं की परीक्षेचे मार्क मागा, ते चांगले असले तर स्टेटसकडे बघू नका. मार्क चांगले आहेत. आता नवीनच टूम निघाली आहे: भाच्याला पुढच्या उन्हाळ्यात आईवडिलांना पंधरा दिवस तिकडं न्यायचंय. व्हिसाला उत्पन्नाचे कागद लागतात आणि दाजींचं उत्पन्न म्हणजे शेती, तेव्हा सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर लागणार. पुण्यात असं भाषांतर करून देणारं कुणी माहितीत असेल तर कळवा. आणि ताईचा प्रश्न वेगळाच आहे: पंधरा दिवस म्हशींची धार कोण काढणार?