विश्लेषण : मोबाइलचा विमा घ्यावा, की फुटल्यावर दुरुस्तीचेच पैसे द्यावेत?

नवा मोबाइल घेताना बिलात आणखी हजार-दीड हजार रुपयांचा 'प्रोटेक्शन प्लॅन' जोडण्याचा आग्रह आता तालुक्याच्या दुकानांतही होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरील जीएसटी शून्य झाला. त्यामुळे मोबाइलचा विमाही स्वस्त झाला असावा, असा अनेकांचा समज आहे. तसे झालेले नाही. मोबाइलच्या विम्यावर पूर्वीप्रमाणेच १८ टक्के कर आहे. वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाटसारख्या गावात, जिथून अमरावती आणि नागपूर दोन्ही शहरे दूर आहेत, हा विमा खरेच परवडतो का?

दुकानात मिळते ते नेमके काय?

एकाच काउंटरवर तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, कंपनीची वॉरंटी. ती साधारण वर्षभराची असते आणि फक्त उत्पादनातील दोषापुरती असते. फोन पडला किंवा ठिबकच्या टाकीत बुडाला, तर ती सहसा लागू होत नाही. दुसरी, वाढीव वॉरंटी. यात मुदत वाढते, पण पडझड येतेच असे नाही. तिसरी, अपघाती नुकसानीचे संरक्षण. हे काही वेळा विमा कंपनीची पॉलिसी असते, तर काही वेळा निव्वळ सेवा-करार. पावतीवर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी किंवा प्रमाणपत्राचा क्रमांक नसेल, तर तो विमा नाही असेच समजावे. पुढे तक्रार करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

हिशेब कसा करायचा?

उदाहरणादाखल १५ हजारांचा फोन घेऊ. योजनेचा वार्षिक हप्ता १,२०० रुपये, अधिकृत केंद्रातील स्क्रीनचा खर्च ४,००० रुपये आणि दाव्यातील अनिवार्य वजावट, म्हणजे ग्राहकाने स्वतः भरायची रक्कम, ५०० रुपये. एका दाव्यात वाचतात ३,५०० रुपये. हप्त्याला या रकमेने भागले की सुमारे ३४ टक्के येतात. म्हणजे स्क्रीन सरासरी तीन वर्षांत एकदा फुटत असेल, तर हिशेब बरोबरीत सुटतो. त्याहून कमी वेळा फुटत असेल, तर विमा महाग पडतो.

हेच गणित ६० हजारांच्या फोनला लावू. हप्ता ३,५००, स्क्रीन १८,००० आणि वजावट १,००० धरली, तर दाव्यात १७,००० वाचतात. इथे पाच वर्षांत एकदा फुटला तरी बरोबरी होते. फोन जितका महाग, तितकी विम्याची बाजू वजनदार होते, ती यामुळे. आकडे फोनागणिक बदलतील, रीत तीच राहील.

गावात हा हिशेब का बदलतो?

गावातला ग्राहक सहसा अधिकृत केंद्रात जातच नाही. वरुडच्या दुकानात दुसऱ्या बनावटीचा 'कॉम्बो' टाकून तो त्याच दिवशी फोन परत घेतो. वरच्या १५ हजारांच्या फोनला हे काम २,२०० रुपयांत होते असे धरू. विम्याचा दावा मात्र अधिकृत केंद्रातच मंजूर होतो. त्यासाठी प्रवास आणि बुडालेला दिवस मिळून १,००० रुपये लागले, तर वजावटीसह खिशातून १,५०० जातात. गावातल्या दुरुस्तीच्या तुलनेत वाचले फक्त ७०० आणि हप्ता आहे १,२००. म्हणजे फोन दरवर्षी फुटला तरी पैशांत विमा परवडत नाही.

अर्थात, हलक्या स्क्रीनचे तोटे आहेत. टच अडखळतो, उन्हात नीट दिसत नाही आणि बाहेर फोन उघडल्यामुळे कंपनीची उरलेली वॉरंटीही जाऊ शकते. काही योजना फोन घरून नेऊन परत आणून देतात. ती सोय आपल्या पिनकोडवर आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारावे. नसेल, तर वरचा प्रवासखर्च हिशेबात धरावाच लागेल.

पैशांपेक्षा दिवस महाग?

आंबिया बहाराची तोडणी सुरू असताना व्यापाऱ्याचा फोन, मजुरांचे यूपीआय आणि बँकेचा ओटीपी एकाच हँडसेटवर येतात. दावा मंजूर होऊन सुटा भाग येईपर्यंत फोन केंद्रातच राहतो. त्या काळात बदली फोन मिळतो का, हा प्रश्न हप्त्याइतकाच महत्त्वाचा आहे. घरात जुना पण चालू फोन असेल, तर ही अडचण बरीच हलकी होते.

दावे कुठे अडकतात?

पीकविम्यातील ७२ तासांची अट शेतकऱ्यांना ठाऊक आहे. मोबाइल योजनांतही नुकसान कळवण्याची अशीच मुदत असते. ती चुकली की दावा अडतो. चोरीच्या बाबतीत अटी आणखी कडक असतात. अनेक योजना कुलूप तोडून किंवा बळजबरीने झालेली चोरीच मानतात. आठवडी बाजारात खिशातून गेलेला किंवा कुठेतरी हरवलेला फोन त्यात बसत नाही. पोलिसांत नोंद लागतेच. शिवाय 'संचार साथी' पोर्टलवर आयएमईआय क्रमांक देऊन फोन बंद करता येतो आणि त्यासाठी विमा लागत नाही. फोन पूर्ण निकामी झाला, तर घसारा वजा करून रक्कम मिळते. दुसऱ्या वर्षी ती बरीच कमी असू शकते.

दावा नाकारला तर?

पॉलिसी असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. निव्वळ सेवा-करार असेल, तर लोकपालाचा मार्ग बंद असतो. तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

मग घ्यावा की नाही?

फोन १५-२० हजारांच्या आतला असेल आणि दुरुस्ती गावातच करून घ्यायची असेल, तर कव्हर, काच आणि बाजूला ठेवलेला हप्ता पुरेसा आहे. घरात चार फोन असतील, तर चार हप्त्यांचे ४,८०० रुपये बचत खात्यात ठेवल्यास वर्षात एक-दोन दुरुस्त्या त्यातून निघतात, आणि फोन शाबूत राहिले तर पैसेही राहतात. महागडा, हप्त्यांवर घेतलेला किंवा ज्याच्या बिघाडाने रोजचे कामच थांबेल असा फोन असेल, तर विम्याचा विचार जरूर करावा. मात्र वजावट, चोरीची व्याख्या, कळवण्याची मुदत आणि जवळचे अधिकृत केंद्र, ही चार उत्तरे कागदावर पाहिल्यानंतरच.