कान बधिर करण्याआधी कान पाहा

मुकुंदवाडी असो की भावसिंगपुऱ्याचे भीमनगर, लेकराचा कान रात्री ठणकला की सकाळी आई आधी मेडिकल गाठते. तिथे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बऱ्याच ड्रॉपमध्ये लिग्नोकेन असते. दात काढताना हिरडी बधिर करतात तेच हे औषध. त्यासोबत जंतूंवरचे, बुरशीवरचे औषध आणि स्टिरॉइडही एकाच बाटलीत. ठणका कमी झाला की आजार गेला असे घरात वाटते. माझे स्पष्ट मत आहे की कानाचा पडदा तपासल्याशिवाय ही बाटली मेडिकलने देऊ नये आणि आपणही मागू नये.

हा पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड. त्याच्या बाहेरच्या बाजूला कातडीचाच पातळ थर असतो. पडदा अखंड असेल तर लिग्नोकेन त्यातून फारसे आत जात नाही. थोडा आराम पडतो, अपाय सहसा होत नाही. पण छिद्र असेल तर औषध थेट मधल्या कानात उतरते आणि तिथून आतल्या कानात झिरपू शकते. ऐकणे आणि तोल सांभाळणे ही दोन्ही कामे आतल्या कानाची. मग लेकरू गरगरते, ओकते. ही चक्कर काही तासांत ओसरते, पण काही ड्रॉपमधल्या जेंटामायसिनसारख्या औषधाने ऐकू येणे कायमचे कमी होऊ शकते. पडदा फाटला असल्यास वापरू नये, अशी सूचना अशा ड्रॉपच्या कागदावर असते. पण ती इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात!

रात्रभर रडणारे मूल पहाटे एकदम शांत होते आणि उशीवर पू दिसतो, हे किती घरांनी पाहिले आहे. पडदा फुटून आतला दाब गेला, म्हणून ठणका थांबला. नेमके त्यानंतर बधिर करणारे ड्रॉप किंवा लसणाचे तेल ओतणे घातक. कान कोरडा ठेवून वेळेवर उपचार केले तर असे छिद्र बहुतेकदा आपोआप भरते.

अमेरिकेत २०१५ साली तिथल्या औषध प्रशासनाने बेंझोकेन वगैरे असलेले, मंजुरी न घेतलेले कानाचे ड्रॉप विकणे थांबवायला लावले. आपल्याकडे मात्र काउंटरवर कोणी विचारतही नाही की कान वाहतो का.

यात आईला दोष देणे सोपे आहे. घाटीत कान-नाक-घसा विभाग आहे, पण केसपेपरच्या रांगेत दिवस जातो आणि दिवसाची मजुरी बुडते. म्हणून वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रातच ओटोस्कोप, म्हणजे कानात पाहायचा दिवा, आणि तो वापरणारा डॉक्टर हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येणे ठरलेले आहे. आले का, त्यांनी लेकरांचे कान पाहिले का, हे विहार समितीने आणि महिला मंडळाने विचारलेच पाहिजे.

तोवर ठणक्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचे औषध द्या. कानात काही घालू नका. कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत असेल तर घाटी टाळू नका. कानामागे सूज, चक्कर, तोंड वाकडे होणे किंवा ताप आणि मान ताठ, यातले काहीही दिसले तर मजुरी बुडाली तरी त्याच दिवशी घाटीत न्या.